पहाटेचे चार, सकाळचे दहा

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातली रात्र डोळ्यांपुढे आणा. वॉर्डातले मोठे दिवे मालवले आहेत. मनगटाची शस्त्रक्रिया दुपारी झाली.

उशीवर एक हात ठेवलेला आहे. तो तुमचा आहे असं समजा.

श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

अंगठा हलवून पाहा. हलत नाही. घाबरू नका. हाताकडे बघत राहा.

नखं पाहा. गुलाबी आहेत. हात आज स्वतः काही सांगू शकत नाही, म्हणून रंग पाहायचा.

आता दुसऱ्या हातानं त्याला स्पर्श करा. कातडी ऊबदार आहे. पण स्पर्श एकाच बाजूनं कळतो. इकडच्या तळव्याला कळतं, तिकडच्याला नाही.

या नवलापाशी थोडा वेळ राहा.

लक्ष हळूहळू वर न्या. कोपर. खांदा. गळ्याजवळचं आडवं हाड.

तिथे, हाडाच्या मागे, हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा आहे. भूलतज्ज्ञानं तो सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहिला. काळसर गोल ठिपके, द्राक्षांच्या घोसासारखे. सुईचं टोक त्यांच्या शेजारी येऊन थांबलं. नसेत शिरलं नाही. शेजारी थांबलं.

तुम्हीही तिथे थांबा. एक श्वास. आणखी एक.

औषध पसरलं. त्यात ब्यूपिव्हाकेन होतं. वेदनेचा निरोप ते नसेतच अडवतं. सोबत थोडं डेक्सामेथासोन होतं, चारेक मिलिग्रॅम. कोविडच्या काळात, २०२० साली, ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत घराघरांत पोचलेलं नाव. तेच हे स्टेरॉइड.

इथे त्याचं काम वेगळं आहे. दुपारी चारला नुसत्या ब्यूपिव्हाकेनची भूल दिली, तर ती पहाटे चारच्या सुमाराला उतरू लागते. माणसागणिक थोडं पुढेमागे. डेक्सामेथासोन दिलं की आणखी काही तास मिळतात. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, ते सरासरी ६ ते ७ तास भरले. नसेशेजारी दिलं तरी आणि शिरेतून दिलं तरीही.

सहा तास. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. त्यात राहा.

पहाटेचे चार. सगळे झोपलेले. कुठूनतरी पहिल्या लोकलचा आवाज. अशा वेळी दुखणं जागं झालं, तर माणूस फार एकटा असतो.

आता सकाळचे दहा. खिडकीत ऊन आहे. डोंबिवलीहून आलेली बहीण उशाशी बसली आहे. डॉक्टर राऊंडला आले आहेत. दुखणं तेच, पण त्याला सामोरं जाताना आजूबाजूला माणसं आहेत.

मला या औषधाची खरी माया इथेच दिसते. वेदना ते मिटवत नाही. रात्र उलटू देतं.

श्वास घ्या. पुन्हा बोटांकडे या.

करंगळीत काही जाणवतं का? बारीक मुंग्या? एखादं बोट किंचित हलतं?

ऐका. घाई करू नका. फक्त ऐका.

नस जागी होते आहे. ही चांगली खूण आहे, आणि इशाराही. भूल उतरताना वेदना कधीकधी एकदम उसळून येते.

म्हणून वेदनाशामक गोळी घ्यायला दुखू लागायची वाट पाहू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, हात बधिर असतानाच, ती घ्या. मुंग्या आल्या की सिस्टरांना हाक मारा. सोसत बसू नका. हात झोळीत ठेवा आणि गरम चहाचा पेला त्याच्यापासून दूर ठेवा, चटका बसला तरी कळणार नाही. नखं निळसर दिसली तर लगेच सांगा. आणि मधुमेह असेल, तर भूल देण्याआधीच भूलतज्ज्ञांच्या कानावर घाला, कारण डेक्सामेथासोननं रक्तातली साखर वाढते.