हजारी विडीचा हिशेब

सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगारांची वसाहत आहे. दहा हजार घरे. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे मोर्चे काढून ती मिळवली. २००६ साली किल्ल्या हातात पडल्या. विडी वळणारी बाई तिथे स्वतःच्या घरात राहते, याचा सोलापूरकराला अभिमान वाटतो आणि वाटावाही.

दुपारी अशा कुठल्याही दारात मांडीवर सूप घेतलेली बाई दिसेल. भिजवलेले तेंदूचे पान कातरायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्यात काही विड्या छाट म्हणून नाकारल्या की तेवढी मेहनत फुकट. तंबाखूची भुकटी श्वासातून जाते, निकोटिन कातडीतून. आयुष्यात एकही विडी न ओढलेली बाई खोकते, मान-पाठ धरते. शेजारी निजलेल्या तान्ह्या पोराच्या नाकातही तीच धूळ.

ओढणाऱ्याचे तर विचारूच नका. विडी म्हणजे गरिबाची साधी सवय, सिगारेटपेक्षा बरी, असा एक लाडका समज आहे. तेंदूचे पान कागदासारखे सलग जळत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके भराभर आणि खोल घ्यावे लागतात. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यामुळे कमी नव्हे, जास्तच आत जातात. तोंड, घसा, फुप्फुस, हृदय, काहीच सुटत नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत होते. (आपण चघळतो, ती वेगळी रड: जवळजवळ चौथा हिस्सा.) देशभरात मात्र सिगारेटपेक्षा विडी ओढणारेच जास्त.

तंबाखूवर निर्बंधाची भाषा निघाली की कारखानदार लगेच या बाईला पुढे करतात: हिच्या चुलीचे काय? प्रश्न खोटा नाही. पण १९६६च्या विडी कामगार कायद्यातले हक्क, भविष्यनिर्वाह निधी, किमान वेतन हे तिने मागितले, तेव्हा हीच चूल कुणाला आठवत नव्हती. पापाचा वाटा तिच्या पदरात घालू नये. पर्याय असताना तिने सूप निवडले असते, तर गोष्ट वेगळी.

तिच्या कल्याणाची सोय आपण केली तीही कशी? १९७६च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसवला. दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, घरकुल त्यातून. म्हणजे कुणी तरी ओढत राहील, तेव्हा हिची पोर शिकणार. २०१७मध्ये जीएसटीबरोबर तो उपकरही गेला. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८ वरून १८ टक्के आणि तेंदूपानावरचा १८ वरून ५ टक्के करायचे ठरवले. विडी स्वस्त झाली तर जास्त ओढली जाईल, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. त्या सवलतीतला पैसा हजारी मजुरीत आपोआप उतरत नाही.

माझ्या मते कर २८ टक्केच हवा आणि वरचे दहा टक्के या बायकांच्या नावाने बाजूला काढलेले हवेत. तरण्या मुलींना सोलापुरात गणवेशाचे, टॉवेलचे कारखाने आहेत. शिकवून त्यांना तिकडे वळवता येईल. पन्नाशी ओलांडलेल्या, मान आखडलेल्या बाईला शिलाई मशीन देऊन फोटो काढणे ही थट्टा आहे. तिला पोट भरेल एवढी पेन्शनच द्यावी लागेल.