एकाधिकार कशावर?



मागे एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कापूस वेचणीच्या दराचा विषय निघाला. एक तरुण म्हणाला, किलोमागे थोडे वाढवून द्यायला हवे. त्यावर एक ज्येष्ठ शेतकरी बोलले, “झालं! आता इथंही कम्युनिस्टांची एकाधिकारशाही आली!” सगळे हसले. तो तरुण हसला नाही. आम्हीही तेव्हा काही बोललो नाही, म्हणून आज लिहीत आहोत.

‘एकाधिकार’ हा शब्द बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. 1972 पासून कित्येक वर्षे आपला कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदी योजनेतच घालावा लागे. व्यापाऱ्याला विकायची बंदी, ग्रेडवरून कटकटी, चुकाऱ्यासाठी हेलपाटे. लोकांनी खूप सोसले. पण शेतकरी सरकारला उघड नावे ठेवू शकत होता, मोर्चा काढू शकत होता, मत दुसऱ्याला देऊ शकत होता. तो एकाधिकार कापसावर होता, माणसावर नव्हता.

वर्तमानपत्रांत ज्याला एकाधिकारशाही म्हणतात तो ‘टोटॅलिटेरियन’ शब्द मूळचा इटलीतला. 1923 साली जोव्हान्नी आमेंदोला यांनी तो मुसोलिनीच्या कारभारावर टीका करताना वापरला. मुसोलिनीला तो इतका आवडला की पुढे तोच मिरवू लागला! स्टालिनच्या रशियाला तो नंतर लागला, आणि योग्यच लागला. सेमिनरीत आम्ही त्याची व्याख्या पाठ केली होती. ती आता नीट आठवत नाही, पण एक कायदा आठवतो. 7 ऑगस्ट 1932 च्या त्या कायद्याने सामुदायिक शेतातल्या मालाची चोरी हा मृत्युदंडाचा गुन्हा ठरला. सौम्य शिक्षा म्हणजे दहा वर्षे कैद. कापणीनंतर पडलेली कणसे वेचणारेही त्यात सापडले. म्हणजे आपल्याकडचा सरवा! रूथने बवाजाच्या शेतात जो वेचला, जो गरीब व परक्यांसाठी राहू द्या असे लेवीय पुस्तक सांगते, तोच. त्याच हिवाळ्यात युक्रेनमध्ये लाखो शेतकरी उपासमारीने मेले आणि दुष्काळ हा शब्द उच्चारण्याचीही चोरी होती. पोटावर, जिभेवर आणि मनावर, तिन्हींवर एकच मालकी, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. तो वेचणीचा दर मागणाऱ्या पोराला लावणे हे त्या मेलेल्यांवरही अन्याय करणारे आहे.

काही जण म्हणतील, फादर कम्युनिस्टांची बाजू घेतात. तसे नाही. पोप अकरावे पायस यांनी 1937 च्या मार्च महिन्यात पाच दिवसांच्या अंतराने दोन पत्रांवर तारखा घातल्या: 14 तारखेचे जर्मनीतल्या नाझी राजवटीविरुद्ध, 19 तारखेचे निरीश्वरवादी साम्यवादाविरुद्ध. दुसऱ्या पत्राचा आपण नेहमी अर्धाच भाग सांगतो. त्याच पत्रात पोप महाशय बजावतात की मजुराला न्यायाने जे मिळायला हवे ते दान म्हणून देऊ नये. मजुरांविषयीचे आपले आधीचे पत्र चर्चमध्ये वाचू न देणाऱ्या कॅथोलिक मालकांनाही त्यांनी सोडलेले नाही.

ज्येष्ठांचेही म्हणणे ऐकायला हवे. खताचे, फवारणीचे दर वाढले, भाव मात्र पडलेलाच. वाढीव मजुरी आणायची कुठून, हा प्रश्न खोटा नाही. येत्या रविवारी मिस्सानंतर हॉलमध्ये बसू या. दोघांनीही यावे, वेचणीला जाणाऱ्या भगिनींनी तर जरूर यावे. चहा आमच्याकडे.