म्यूट

एका मुलीला मी वर्गाबाहेर काढलं होतं, तेही बोटाच्या एका दाबानं. 2020 चा ऑक्टोबर होता. निलंग्यात घरी बसून मी तास घेत होतो आणि तिच्या मोबाईलमधून मळणीयंत्राची घरघर सगळ्यांच्या कानांत शिरत होती. आधी म्यूट केलं. आवाज पुन्हा आला, तेव्हा सरळ काढूनच टाकलं. हजेरीचा स्क्रीनशॉट घेऊन झाला होता. माझं काम अडत नव्हतं.

त्या दिवसांत माझी सगळी घाई त्या स्क्रीनशॉटसाठीच. आमच्या संस्थेच्या तीन गावांत शाखा. टाळेबंदीत सगळ्यांना एकाच लिंकवर बसवलं. संख्या फुगली, अहवाल देखणा झाला. नावं दिसतात म्हणजे पोरं ऐकतात, असं मी धरून चाललो. खरंच तसं वाटत होतं? की वाटून घेणं सोयीचं होतं?

बोट दाखवायला जागा भरपूर होत्या. आमच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा पसारा नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असा चार जिल्ह्यांचा. अंतिम वर्षाच्या परीक्षा व्हायलाच हव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं 28 ऑगस्टला सांगितलं. राज्यात त्या ऑक्टोबरात, ऐन सोयाबीनच्या काढणीत आल्या. महिन्याच्या मध्यात पावसानं ते सोयाबीनही भिजवलं. औराद शहाजानी, कासारसिरसीकडच्या पोरांच्या रेंजची रड वेगळीच. हे सगळं मी सहकाऱ्यांना फोनवर तावातावानं सांगायचो. पण ते यंत्र कुणाच्या रानात चालू होतं, एवढं तिला विचारलं नाही.

20 ऑक्टोबर 2021 ला राज्यातली कॉलेजं पुन्हा उघडली, तेव्हा ती भेटली. "सर, मोबाईल भावाचा होता. तो रानात घेऊन जायचा, म्हणून मीबी रानातच बसायची." तक्रारीचा सूर नव्हता. तेच जास्त लागलं.

मग स्वतःचाच संशय आला. फळ्यासमोर तरी मी कुणाकडे बघत होतो? पुढच्या दोन बाकांकडे. मागच्यांचा आवाज तेव्हाही नकोच असायचा. फक्त बटण हाताशी नव्हतं. ऑनलाइनला नावं ठेवताना हे मी बरोबर विसरतो.

मोठंसं उत्तर सापडलेलं नाही. सलग गैरहजर असणाऱ्याला आता फोन लावतो. तोही दरवेळी नाही, कंटाळा येतो. त्या तासाचा स्क्रीनशॉट अजून माझ्याकडे आहे. त्यात 47 नावं आहेत. तिचंही आहे.