मुलाची देवळी

मुलांच्या वस्तू नीट कोणीं ठेवाव्या, त्यांनीं कीं आईबापांनीं? प्रश्न प्रथमदर्शनीं अगदीं क्षुल्लक वाटतो. परंतु थोडा विचार केला असतां असें दिसून येईल कीं, वळण लावणें म्हणजे काय, आणि लेंकरावर विश्वास टाकणें म्हणजे काय, हे दोन मोठे प्रश्न त्याच्या पोटांत आहेत.

शहरांतील पुष्कळ घरीं मुलांस निजावयास वेगळी खोली असते. आमच्या देगलूरकडील खेड्यांत अनेक कुटुंबें एकाच खोलींत निजतात. तथापि जुन्या माळवदाच्या घरांत एक सोय असे. जाड भिंतींत देवळ्या ठेवलेल्या असत. एकींत दिवा, दुसरींत फणी-आरसा, आणि हाताला येईल अशी खालची एखादी लेंकरांची. तींत गोट्या, पाटी, चिंचोके, पेन्सिलीचे तुकडे असा त्यांचा सारा संसार मावत असे. आतां सिमेंटच्या पातळ भिंतींत देवळी राहिली नाहीं. वस्तू मात्र वाढल्या. दप्तर, वह्या, कंपासपेटी, गणवेश यांना ठराविक जागा नाहीं, म्हणून त्या कधीं बाजेखालीं तर कधीं खिडकींत पडून असतात.

मग सकाळीं काय घडतें तें पाहा. शाळेची वेळ होते आणि गणिताची वही सांपडत नाहीं. आई रागें भरते, बाप ओरडतो, मुलगा रडूं लागतो. शेवटीं त्याच्या वाकळेची घडी घालून वही शोधून देते कोण? बहुधा त्याची बहीण. आणि तिला स्वतःलाच शाळेस उशीर होत असतो.

येथें दोन चुका एकदम होतात. पहिली धाकाची. धाकानें लागलेली शिस्त धाक दाराबाहेर पडला कीं मोडते. दुसरी चूक मायेची. मोठ्यांनीं सर्व आवरून ठेविलें म्हणजे घर नीट दिसतें, परंतु मूल होतें तसेंच राहतें. आपणांस नीटनेटकें घर हवें आहे, कीं नीटनेटकें माणूस? हे दोन हेतू एक नव्हेत. पहिला अर्ध्या घटकेंत साधतो. दुसऱ्यास वर्षें लागतात.

मारिया माँटेसरी या विदुषीनें 6 जानेवारी 1907 रोजीं रोम शहरांत मजुरांच्या लहान मुलांकरितां बालगृह उघडलें. तेथील शिक्षिका खेळण्याचें साहित्य स्वतः वांटीत असे आणि स्वतःच कपाटांत परत ठेवीत असे. ती ठेवूं लागली म्हणजे मुलें जागा सोडून तिच्याभोंवतीं जमत. कितीहि परतविलीं तरी पुनः येत. तिनें त्यांस अवज्ञाकारी ठरविलें. परंतु माँटेसरीबाईंच्या ध्यानांत आलें कीं, मुलांना त्या वस्तू आपल्या हातांनीं जागेवर ठेवावयाच्या आहेत! तशी मोकळीक दिली, तों तीं मोठ्या आनंदानें तें काम करूं लागलीं. पुढें कुलपाच्या उंच कपाटाऐवजीं मुलांच्या हातास येतील अशीं ठेंगणीं कपाटें आलीं.

हें विलायतेंतील श्रीमंतांचें कौतुक आहे, असें कोणीं समजूं नये. ताराबाई मोडक यांनीं 1945 सालीं बोर्डी गांवीं अंगणांतच बालवाडी भरविली, आणि शिंपले, बिया, पानें, खडे हेंच शिकविण्याचें साहित्य केलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. साधनें थोडीं असलीं म्हणून बालशिक्षण अडत नाहीं, हें त्या दोघींनीं दाखवून दिलें.

कोणी म्हणेल, "आमचें पोर तसें नाहीं, सांगून सांगून जीभ झिजली." बंधूंनो आणि भगिनींनो, रागें भरण्यापूर्वीं एक गोष्ट पाहावी. आपण 'जागेवर ठेव' म्हणतों, पण जागा दिली आहे काय? जागा न देतां शिस्त मागणें हा लेंकरावर अन्याय आहे. एक खोकें, एक पिशवी, दप्तरासाठीं त्याच्या उंचीवर ठोकलेली एक खुंटी, इतकें पुरे. खुंटी मोठ्यांच्या उंचीवर ठोकून दप्तर जमिनीवर कां, असें विचारूं नये.

दिलेली जागा मग खरोखर त्याची असूं द्यावी. त्याला न विचारतां खोकें उपडें करून 'हा कचरा' म्हणून त्याचे दगड फेकून देऊं नयेत. आपल्या वस्तूंचा मान राखला जातो हें ज्यानें पाहिलें, तोच दुसऱ्याच्या वस्तूंचा मान राखावयास शिकतो. प्रथम कांहीं दिवस त्याच्याबरोबर बसून आवरावें. हळूहळू हात काढून घ्यावा. एखादे दिवशीं वही सांपडली नाहीं तर ती त्यालाच शोधूं द्यावी, मग शाळेस थोडा उशीर झाला तरी चालेल. तो उशीर दहा शिव्यांपेक्षां अधिक शिकवील.

आणि मुलाची वाकळ मुलानेंच घडी करावी. बहिणीनें भावाचा पसारा आवरावा असा जो रिवाज घरोघरीं आहे, तो दोघांचेंहि नुकसान करितो. ती आपला वेळ गमावते, आणि तो असें समजूं लागतो कीं, आपल्यामागें आवरीत फिरणारें कोणीतरी जन्मभर असणारच. पुढें तीच समजूत घेऊन तो नवरा होतो.

म्हणून आज संध्याकाळीं भिंतीकडे एकवार पाहावें, आणि लेंकराचा हात कोठवर पोहोंचतो तें मोजून तेथें एक खुंटी ठोकावी. मुलगी असेल तर तिच्याकरितांहि.