टाकाऊ वस्तूचा धनी कोण?

इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी हे गाव पानमळ्यांसाठी व डाळिंबांसाठी ओळखले जाते. पानमळ्याचा पाचोळा कुजून पुन्हा खत होतो. त्याविषयी कोणी तंटा करीत नाही. परंतु डाळिंबाच्या बागेत औषधाची रिकामी बाटली व ठिबकची फाटकी नळी मागे राहते, ती मातीत मिळत नाही. तेव्हा प्रश्न असा की, उपयोग सरलेल्या वस्तूचा भार कोणी वाहावा? करणाऱ्याने, विकणाऱ्याने, की वापरणाऱ्याने?

प्रिय वाचकहो, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या खेड्यांनी पुष्कळ पिढ्या दिले, आणि त्याचा भार आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांनी वाहिला. बैलाचे कष्ट धनी घेई. बैल मेला म्हणजे त्याला ओढून नेणे महाराच्या वाट्यास येई. लाभ एकाचा, घाण दुसऱ्याची, आणि निवाडा जन्मावरून! मुंबई राज्याच्या 1958 च्या कायद्याने ती वतने रद्द झाली. तथापि आज पुण्यासारख्या शहरात कचरा वेचणारे हात बहुतेक दलित स्त्रियांचेच आहेत. वतन गेले, रीत उरली.

पवित्र शास्त्राचा न्याय निराळा आहे. निर्गमाच्या 21 व्या अध्यायात अशी आज्ञा आहे की, कोणी खड्डा खणून उघडा ठेवला व त्यात दुसऱ्याचा बैल पडून मेला, तर खड्डेवाल्याने भरपाई द्यावी आणि मेलेले जनावरही त्याच्याकडेच जावे. तेथे कोणाचे कूळ विचारले नाही. खड्डा कोणी उघडा ठेवला एवढेच विचारले.

आपल्या देशात 2016 च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी हीच वाट धरली. आपल्या मालाची वेष्टने परत गोळा करविण्याचा भार त्यांनी उत्पादकावर ठेवला, आणि ग्रामपंचायतींनाही त्या नियमांच्या कक्षेत आणले. हे योग्यच होय. कारण वस्तू कशाची करावी हे कारखानदार ठरवितो, शेतकरी नव्हे. कोणी म्हणेल, तो खर्च अखेर किंमतीत चढेल. चढो! जो उपभोग घेतो त्याने मोल द्यावे. ज्याने काहीच उपभोगिले नाही त्याने ते आपल्या आरोग्याने का द्यावे?

तथापि कारखानदाराकडे बोट दाखवून आपण मोकळे होत नाही. पिलाताने हात धुतले, म्हणून तो निर्दोष ठरला नाही. औषधाची बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, बाटलीस भोक पाडावे, ती जाळू नये, विहिरीकाठी टाकू नये, घरात तेलापाण्यास घेऊ नये. मंडळ्यांनी ग्रामसभेत उभे राहून अशा वस्तू गोळा करण्यास जागा मागावी, आणि गोळा करणाऱ्यास हातमोजे व पुरती मजुरी मिळावी असा आग्रह धरावा. ज्यांच्या वाडवडिलांनी गावाची घाण विनातक्रार वाहिली, त्यांनी ती आता दुसऱ्या कोणा दुबळ्याच्या डोक्यावर जाऊ देऊ नये.