तारखेचे भय आणि मनुष्याचे कर्तव्य

पुढे येणाऱ्या एखाद्या तारखेचे भय बाळगणे योग्य की अयोग्य, ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहो. सन 1962 च्या फेब्रुवारी महिन्यात मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, तेव्हा प्रलय होईल ह्या भीतीने देशभर होमहवने झाली. पण झाले काहीच नाही. पुढे 1999 साली दुसरे भय उत्पन्न झाले. जुन्या संगणकांत जागा फार महाग पडे, म्हणून वर्षाचे शेवटले दोनच अंक लिहीत. 99 नंतर 00 येताच यंत्र ते साल 1900 समजेल, आणि बँकांचे व्याज, लोकांचे पगार व विजेचा पुरवठा ह्यांत घोटाळा होईल, असे जाणत्यांनी बजाविले. लोक एकदम पैसे काढतील म्हणून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने जादा नोटा तयार ठेविल्या. परंतु 1 जानेवारी 2000 हा दिवस किरकोळ चुकांवर निभावला.

तेव्हा कित्येक म्हणाले, "अष्टग्रहीसारखीच हीही हूल!" हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. ग्रहांच्या गतीपुढे मनुष्याचा हात चालत नाही. ही चूक मात्र मनुष्यानेच केलेली होती, व पुणे-मुंबईच्या पुष्कळ तरुणांनीही परदेशांची कामे घेऊन ती ओळीओळीने तपासून सुधारली. ज्या देशांनी थोडाच खर्च केला त्यांचेही फारसे बिघडले नाही, हे खरे. यास्तव काही पैसा निव्वळ भयापोटी गेला असेल. तथापि वराळ्याच्या शेतकऱ्याने पावसापूर्वी खाचराचा बांध नीट केला आणि तो फुटला नाही, तर त्याचे श्रम व्यर्थ गेले असे कोण म्हणेल?

आता अशीच आणखी एक तारीख पुढे आहे. पुष्कळ यंत्रे 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजून काळ जाणतात. त्यांपैकी जुन्या धर्तीच्या यंत्रांतील मोजणीची जागा 19 जानेवारी 2038 रोजी, आपल्याकडील सकाळी 8 वाजून 44 मिनिटांनी भरून जाईल. नव्या यंत्रांत मोठी जागा ठेविली आहे. जुनी मात्र बदलली पाहिजेत.

तर वाचकहो, अफवा ऐकून गाठीचे पैसे काढून घरात पुरू नका. पासबुकात नोंद वेळेवर करून घ्या. आणि ज्यांच्या हाती पतपेढीचा किंवा दूधसंस्थेचा हिशेब आहे, त्यांनी आपले यंत्र त्या दिवशी नीट चालेल काय, हे आजच विचारून ठेवावे. हिशेब चुकला तर पहिला तोटा गरिबाचा होतो. जे भय मनुष्यास वेळेवर कामास लावते ते हितकारक. जे त्यास केवळ थरकाप देते ते टाकून द्यावे.