कार्यलिंग आणि इलेक्ट्रॉन

सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणजे यतिवृषभाचार्यांचा ‘तिलोयपण्णत्ती’. आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांनी संपादित केलेला त्याचा पहिला भाग १९४३ मध्ये निघाला, दुसरा १९५१ मध्ये. लांबीच्या मापांची परिभाषा हा ग्रंथ थेट परमाणूपासून सुरू करतो आणि योजनांपर्यंत नेतो. परमाणूचा विचार या शहराला परका नाही तो असा. म्हणूनच इथे आणि इतरत्रही अभिमानाने केला जाणारा एक दावा नीट तपासला पाहिजे: टॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला खरा, पण आपल्या आचार्यांना तो दीड हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होता. मला हा दावा पटत नाही. तो नाकारण्याचा आधार मात्र भौतिकीच्या पाठ्यपुस्तकात शोधण्याची गरज नाही. जैन प्रमाणविचारातच तो सापडतो.

आधी दाव्याची बलवान बाजू पाहू. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात परमाणूंचा बंध स्निग्धता आणि रूक्षता या दोन गुणांमुळे होतो असे सांगितले आहे. त्यावरील पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत आपोआप घडणाऱ्या बंधाचे उदाहरण म्हणून विजेचा उल्लेखही येतो. दोन परस्परविरोधी गुण, त्यांतून बंध आणि उदाहरणाला वीज, एवढे वाचल्यावर धन आणि ऋण विद्युतभार आठवणे साहजिक आहे. पण त्याच उदाहरणांत उल्का, जलधारा, अग्नी आणि इंद्रधनुष्यही आहे, आणि इंद्रधनुष्याचा विद्युतभाराशी काही संबंध नाही. पुढची सूत्रे तर अधिक स्पष्ट आहेत. दिगंबर टीकेनुसार बंधासाठी एका परमाणूतला गुण दुसऱ्यापेक्षा दोन अंशांनी अधिक असावा लागतो. स्निग्धाशी स्निग्ध आणि रूक्षाशी रूक्षही बांधला जातो. गुण समसमान असतील तर बंध होत नाही. विजेत सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे विरुद्ध भार परिमाणाने काटेकोरपणे समान आहेत, आणि तो अणू त्या दोघांच्या आकर्षणावरच उभा आहे. म्हणजे सूत्रांचा नियम स्वतंत्र आहे, विचारपूर्वक बांधलेला आहे, आणि तो विद्युतभाराचा नियम नाही. पहिले सूत्र घेऊन पुढची तीन सोडून देणे हा ग्रंथाचा गौरव कसा म्हणावा?

मला या परंपरेतली खरी मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. तत्त्वार्थाच्या टीकापरंपरेत परमाणूला ‘कार्यलिंग’ म्हटले आहे: तो स्वतः इंद्रियांना दिसत नाही, त्याच्या कार्यावरून त्याचे अनुमान करायचे. टॉमसनने केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत केले ते हेच, फक्त त्याने कार्य मोजले. काचेच्या निर्वात नळीतले कॅथोड किरण चुंबकाने वळतात हे आधीच माहीत होते. विद्युतक्षेत्राने ते वळतात हे मात्र हर्ट्‌झला दाखवता आले नव्हते. नळीत उरलेला वायूच आड येतो हे ओळखून टॉमसनने निर्वात अधिक कडक केला, आणि किरण वळले. वळण किती, यावरून त्याने भार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर काढले. नळीतला वायू बदलला, कॅथोडचा धातू बदलला, तरी गुणोत्तर साधारण तेच राहिले आणि ते हायड्रोजनच्या आयनाच्या गुणोत्तराहून हजारपटीने मोठे निघाले. याचे दोन अर्थ संभवत होते, भार प्रचंड किंवा वस्तुमान अगदी थोडे. १८९९ मध्ये त्याने भार वेगळा मोजला तेव्हा दुसरा अर्थ पक्का झाला. आज हे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १,८३६ व्या हिश्श्याइतके धरले जाते.

एका कार्यावरून केलेले अनुमान फसू शकते हे आपल्या नैयायिकांनीही पुष्कळ चर्चिले आहे. मग इलेक्ट्रॉनवर भरवसा का ठेवायचा? सोलापुरात सात रस्त्याला रंगभवनाकडून आलेला माणूस आणि स्टेशनाकडून आलेला माणूस एकमेकांना न विचारता एकाच चौकात पोचतात. चौक खरोखर तिथे आहे याचा याहून चांगला पुरावा कोणता? इलेक्ट्रॉनचे तसेच झाले. लायडनमध्ये १८९६ मध्ये झीमनने चुंबकक्षेत्रात प्रकाशाच्या वर्णरेषा रुंदावताना पाहिल्या, आणि लॉरेन्ट्झच्या गणिताने त्यांतून गुणोत्तर निघाले. अतिनील प्रकाशाने धातूतून बाहेर पडणारे कण, तापलेल्या तारेतून निघणारे कण, किरणोत्सारी पदार्थांतले बीटा किरण, साऱ्यांतून त्याच घरातला आकडा आला. पहिली मोजमापे ढोबळ होती, पुढे ती काटेकोर होत एकमेकांजवळ आली. ‘विज्ञानही अदृश्यावर श्रद्धाच ठेवते’ या आक्षेपाला माझे उत्तर हेच आहे. अदृश्य असणे ही अडचण कधीच नव्हती. वेगळ्या वाटांनी, चूक निघण्याची जोखीम घेऊन, तेच उत्तर पुन्हा मिळते का, हे पाहायचे असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विज्ञान स्वतःच मते बदलते. टॉमसनने कण म्हटले आणि १९२७ मध्ये त्याच्याच मुलाने, जॉर्ज टॉमसनने, त्या कणाचे तरंगासारखे विवर्तन दाखवले. मग सत्य कोणते? इथे १८९७ मधलाच बर्लिनचा वाल्टर काउफमान आठवावा. त्यानेही ते गुणोत्तर मोजले, पण न दिसणाऱ्या कणाचे अस्तित्व मांडायला तो धजला नाही. चित्रे बदलतात, कधी दोन माणसांची चित्रे एकाच वर्षी वेगळी असतात. मोजलेला संबंध मात्र टिकतो. मुलाच्या प्रयोगाने वडिलांचा आकडा खोडला नाही. उलट तरंगाची लांबी काढताना तोच भार आणि तेच वस्तुमान वापरावे लागले.

मग आगमातल्या जड द्रव्याविषयीच्या पुद्‌गलविचाराचे काय उरते? माझ्या मते पुष्कळ उरते, कारण तो विचार जीव आणि अजीव यांतला भेद ओळखण्यासाठी आहे आणि त्याचे प्रयोजन मोक्षमार्गाशी जोडलेले आहे. इलेक्ट्रॉन सापडल्याने ते प्रयोजन डळमळत नाही. शिवाय एक खरी जवळीकही आहे. वैशेषिकांनी पृथ्वी, जल, तेज आणि वायू यांचे परमाणू वेगळे मानले. जैनांनी सर्व परमाणू एकाच जातीचे मानले आणि पदार्थांतले भेद परिणमनावर सोपवले. सोन्यातला इलेक्ट्रॉन आणि मिठातला इलेक्ट्रॉन यांत काही फरक नाही, हे भौतिकीचे म्हणणे या धारणेच्या शेजारी ठेवून विचार करण्याजोगे आहे. पण लगेच मतभेदही दिसतो. जैन परमाणूला एक रस, एक गंध, एक वर्ण आणि दोन स्पर्श असतात. इलेक्ट्रॉनला ना रंग ना वास. सोन्याचा पिवळेपणा त्या धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित वर्तनातून येतो. जे समूहात दिसते ते मुळात असलेच पाहिजे का, हा प्रश्न चैतन्याविषयी वाद घालणाऱ्यांनाही टाळता येत नाही.

याहून खोल मतभेद ज्ञानाविषयी आहे. इलेक्ट्रॉनचे कण-तरंग रूप आणि अनेकान्त यांची सांगड घालण्याचा मोह मोठा आहे. पण अनेकान्तात वस्तूला अनंत धर्म असतात, आपण एका वेळी एकेकच बोलू शकतो, आणि केवलज्ञानी ते सारे एकदम जाणतो. १९२७ मध्ये हायझेनबर्गने मांडलेल्या अनिश्चिततेच्या तत्त्वाचा भौतिकशास्त्रज्ञ बोरने लावलेला अर्थ घेतला तर इलेक्ट्रॉनचे नेमके स्थान आणि नेमका संवेग एकाच वेळी जाणण्यासारखे तिथे काही नसतेच. तसे असेल तर केवलज्ञानाचा विषय काय, हे जैन तर्कशास्त्राला सांगावे लागेल. आणि तसे नसेल, तर बोरचा अर्थ कुठे अपुरा आहे हे भौतिकीला दाखवावे लागेल. हा वाद दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी समोरासमोर बसून करावा असा आहे. ‘आम्हाला आधीच ठाऊक होते’ या वाक्याने तो सुरू होण्याआधीच संपतो.